फळे-भाज्यांच्या साली : उपयुक्त वनस्पतिजन्य संयुगांचा शोध आणि त्याच्या मर्यादा

डाळिंब सोलून दाणे वेगळे केले की फळाच्या वजनाचा जवळजवळ ४० ते ५० टक्के भाग सालीच्या रूपाने मागे उरतो. आंब्यात सालीचा वाटा साधारण १५ ते २० टक्के असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगभरातील घरे, उपाहारगृहे आणि किरकोळ विक्रीची दुकाने यांतून मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील ६० टक्के घराघरांतून गेले. या आकड्यात नासलेल्या अन्नाबरोबरच साली, बिया, हाडे असे न खाल्ले जाणारे भागही धरलेले आहेत.

याच टाकाऊ सालींमध्ये आरोग्याला उपकारक ठरू शकतील अशी संयुगे सापडल्याची वृत्ते वारंवार येत असतात. त्यांतील बहुतेक वृत्ते खरी असतात. संयुग खरोखरच सापडलेले असते. मात्र सालीत एखादे संयुग सापडणे, ते माणसाच्या शरीरात शोषले जाणे आणि त्याने एखाद्या व्याधीत गुण येणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून तिसरी गृहीत धरून सालींची चूर्णे, काढे आणि गोळ्या विकल्या जातात, तेथेच ग्राहकाची फसगत होते.

सालीतच का?

वनस्पतीला संकटापासून पळ काढता येत नाही. कडक ऊन, बुरशी, किडी, चरणारी जनावरे यांना तोंड द्यावयाचे ते जागच्या जागी, आणि तेही बहुतांशी रसायनांच्या बळावर. फिनॉलिक आम्ले, टॅनिन, फ्लॅवोनॉइड, टर्पिन, अल्कलॉइड अशा या संयुगांना दुय्यम चयापचयजन्य संयुगे म्हणतात. शत्रूची पहिली गाठ सालीशी पडत असल्यामुळे अनेक फळांत व कंदांत त्यांचा साठा गरापेक्षा सालीत अधिक असतो.

याचा अतिशय नेमका पुरावा कांद्याने दिला. कांद्यावर काळपट डाग पाडणारा एक बुरशीजन्य रोग पांढऱ्या कांद्याला सहज ग्रासतो. लाल व पिवळ्या कांद्याच्या वाट्याला तो फारसा जात नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ जे. सी. वॉकर यांना असे दिसले की, रंगीत कांद्याचे बाहेरचे सुके पापुद्रे काढून टाकले तर त्याची ही प्रतिकारशक्ती नाहीशी होते. जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या साहाय्याने १९२९ मध्ये त्या पापुद्र्यांतून प्रोटोकॅटेच्युइक आम्ल वेगळे करण्यात आले. पुढे कॅटेकॉल हे दुसरे संयुगही सापडले. दोन्ही पाण्यात विरघळतात आणि बुरशीची बीजे रुजू देत नाहीत. (रक्त गोठण्यास प्रतिबंध करणाऱ्या वॉरफेरिन या औषधाच्या इतिहासात ज्यांचे नाव येते, ते लिंक हेच.) आपण ज्याला कांद्याचे टरफल म्हणून झटकून टाकतो, ते कांद्याच्या दृष्टीने चिलखत असते. चिलखतातील द्रव्य माणसाच्या पोटात गेल्यावर काय करील, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

प्रयोगशाळेतील वाट

साल प्रयोगशाळेत आली की तिचा पहिला शत्रू पाणी असतो. ओल्या सालीतील विकरे काही तासांतच फिनॉलिक संयुगे काळवंडून टाकतात. कापलेले सफरचंद तपकिरी पडते त्याच क्रियेने. म्हणून ती मंद उष्णतेवर किंवा गोठवून निर्वातात सुकवली जाते, दळली जाते आणि मग द्रावकात भिजवली जाते. द्रावक कोणता यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. मेथॅनॉल पुष्कळ संयुगे ओढून घेते, परंतु ते विषारी असल्याने खाद्योपयोगी अर्कासाठी इथेनॉल व पाणी यांचे मिश्रण पत्करावे लागते. काही फिनॉलिक संयुगे सालीच्या तंतूंना इतकी घट्ट चिकटलेली असतात की अल्कलीची प्रक्रिया केल्याशिवाय सुटतच नाहीत. त्यामुळे एकाच सालीविषयीचे दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत तर त्यात नवल नाही.

अर्क हाती आल्यावर प्रथम ढोबळ चाचण्या होतात. फोलिन-सिओकाल्टो या अभिकर्मकाने अर्काला निळा रंग चढतो व त्याच्या गडदपणावरून एकूण फिनॉलिक द्रव्यांचा अंदाज बांधतात. डीपीपीएच नावाचे जांभळे द्रावण अर्काच्या संपर्काने पिवळसर झाले, तर त्यात ऑक्सिडीकरणविरोधी गुण आहे असे मानतात. या चाचण्या स्वस्त आणि झटपट असल्याने अत्यंत लोकप्रिय आहेत. परंतु पहिलीला क जीवनसत्त्व आणि काही प्रथिनघटकही निळा रंग देतात, आणि दुसरीतील जांभळा रेणू मानवी शरीरात कोठेही आढळत नाही. परीक्षानळीतील अशाच एका मोजमापावर आधारलेली खाद्यपदार्थांची क्रमवारी अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या संकेतस्थळावर ठेवली होती. त्या आकड्यांचा मानवी आरोग्याशी संबंध प्रस्थापित झालेला नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करीत आहेत, या कारणांसाठी ती २०१२ मध्ये काढून टाकण्यात आली.

खरी ओळख यानंतर सुरू होते. अर्कातील शेकडो घटक वर्णलेखनाच्या, म्हणजे क्रोमॅटोग्राफीच्या साहाय्याने एकामागून एक वेगळे केले जातात. मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक घटकाच्या रेणूचे वजन आणि तो फुटल्यावर पडणारे तुकडे मोजतो. हे तुकडे ज्ञात संयुगांच्या संग्रहाशी ताडून पाहिले की नाव सुचते. येथे वाचकाने एक भेद ध्यानात ठेवावा. संग्रहाशी जुळलेले नाव हे केवळ संभाव्य नाव असते. त्याच संयुगाचा शुद्ध नमुना शेजारी चालवून दोन्ही एकाच वेळी, एकाच खुणेने बाहेर पडले तर ओळख पक्की होते. संयुग अगदी नवे असेल तर ते शुद्ध स्वरूपात वेगळे करून अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने त्याची रचना अणूगणिक उलगडावी लागते. एका सालीत डझनावारी संयुगे सापडली, असे सांगणाऱ्या शोधनिबंधांतील बरीचशी नावे पहिल्या, संभाव्य प्रकारातील असतात. निबंधात तसे नमूद केलेले असते; बातमीत येईपर्यंत ते गळून पडते.

डाळिंब, कांदा, आंबा, केळे

डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिन हा मोठा टॅनिनवर्गीय रेणू विपुल असतो. तिची तुरट चव त्याचीच. या सालीचा अतिसारावर उपयोग आयुर्वेदाला पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि राजस्थान-कच्छकडील छपाई कारागीर नासपाल या नावाने ती पिवळ्या रंगासाठी वापरत आले आहेत. प्युनिकॅलॅजिन आकाराने एवढे मोठे असते की ते आहे त्या रूपात फारसे रक्तात उतरत नाही. आतड्यात त्यापासून एलॅजिक आम्ल सुटते आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याचे युरोलिथिन नावाच्या लहान रेणूंत रूपांतर करतात. हे जिवाणू प्रत्येकाच्या पोटात सारखे नसतात. काही व्यक्तींच्या शरीरात युरोलिथिन तयारच होत नाही. एकच चूर्ण दोघांनी घेतले तरी दोघांच्या रक्तात वेगवेगळी रसायने पोहोचू शकतात, ती यामुळे. डाळिंब उत्पादनात महाराष्ट्र देशात आघाडीवर असून भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूर येथे आहे. त्यामुळे या सालीच्या उपयोगाचा प्रश्न या राज्याच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे.

कांद्याच्या सुक्या पापुद्र्यांत क्वेरसेटिन हे फ्लॅवोनॉइड गरापेक्षा कितीतरी अधिक असते. यावरून पापुद्रे उकळून प्यावेत असा सल्ला समाजमाध्यमांवर फिरत असतो. वस्तुस्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. खाण्याच्या भागातील क्वेरसेटिन मुख्यतः ग्लुकोजशी जोडलेल्या रूपात असते, तर सुक्या पापुद्र्यांत ते बहुतांशी मोकळे असते. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९५ मध्ये, मोठे आतडे काढून टाकलेल्या नऊ स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात कांद्यातील ग्लुकोजयुक्त क्वेरसेटिनपैकी सुमारे ५२ टक्के शोषले गेले. मोकळ्या क्वेरसेटिनचे प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपासच राहिले. शिवाय मोकळे क्वेरसेटिन पाण्यात फार कमी विरघळते. पापुद्र्यांच्या काढ्याला सुरेख तांबूस रंग येतो हे खरे, पण रंग म्हणजे मात्रा नव्हे.

आंब्याच्या सालीवर भारतात लक्षणीय काम झाले ते म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत. तेथील शास्त्रज्ञांनी रसपुरी आणि बदामी (कर्नाटकात हापूसला हेच नाव आहे) या जातींच्या सालींची तपासणी केली, तेव्हा कच्च्या फळाच्या सालीत पॉलिफेनॉल अधिक, तर पिकलेल्या फळाच्या सालीत कॅरोटिनॉइड अधिक असे आढळले. पुढे त्यांनी सालीची पूड बिस्किटांत आणि मॅकरोनीत घालून पाहिली. बिस्किटांत १० टक्क्यांपर्यंत पूड चवीला चालून गेली. रोग बरा करण्याचा दावा न करता रोजच्या पदार्थातील तंतू व पॉलिफेनॉल वाढविण्याचा हा मार्ग आम्हाला चूर्णाच्या डब्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. आंब्याच्या सालीशी निगडित एक त्रासही आहे. देठाचा चीक आणि साल यांतील रेसॉर्सिनॉलवर्गीय द्रव्यांनी काहींच्या ओठांवर व त्वचेवर पुरळ उठते. बिब्ब्याचे झाड याच कुळातील आहे.

केळ्याच्या बाबतीत जपानी संशोधकांनी २००० साली एक कुतूहलजनक गोष्ट नोंदवली. कॅव्हेंडिश गटातील केळ्यांत, आणि विशेषतः त्यांच्या सालीत, डोपामिनचे प्रमाण मोठे असते. जळगावच्या बागांतील ग्रँड नैन ही जात याच गटात मोडते. मेंदूतील संदेशवहनात डोपामिनची भूमिका प्रसिद्ध असल्यामुळे ‘केळ्याच्या सालीने मन प्रसन्न होते’ असे तर्क लढविले जातात. अन्नातील डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, एवढे सांगितले तरी पुरे.

दोन प्रवास : संत्रे आणि कोकम

सालीतील संयुगाचे पुढे काय होते हे समजून घ्यावयाचे तर दोन उदाहरणे सविस्तर पाहण्याजोगी आहेत.

संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या थरातून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लेब्रतों यांनी १८२८ मध्ये एक स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले. ग्रीक पुराणकथेतील सोनेरी फळांच्या बागेची राखण करणाऱ्या अप्सरांवरून त्याला हेस्पेरिडिन असे नाव पडले. शंभरेक वर्षांनी, १९३६ मध्ये, हंगेरीचे शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-जॉर्जी आणि त्यांचे सहकारी यांनी लिंबापासून मिळवलेल्या फ्लॅवोनॉइडांच्या मिश्रणाला ‘पी जीवनसत्त्व’ म्हटले. केशवाहिन्यांच्या भिंती त्याने बळकट होतात असा त्यांचा अंदाज होता. त्या मिश्रणात हेस्पेरिडिनही होते. हे जीवनसत्त्व नव्हे, असे पुढील काळात स्पष्ट झाले आणि ते नाव मागे पडले. संशोधनाचा धागा मात्र तुटला नाही. हेस्पेरिडिनच्या रेणूतून हायड्रोजनचे दोन अणू काढून टाकले की डायोस्मिन मिळते. ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन व ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन असलेली गोळी आज भारतासह अनेक देशांत मूळव्याध आणि पायांच्या शिरांच्या विकारांत डॉक्टरांकडून दिली जाते. अमेरिकेत तिला औषध म्हणून मान्यता नाही, म्हणजे पुराव्याविषयी मतभेद संपलेले नाहीत. तरीही मात्रा ठरलेली, शुद्धता तपासलेली, रुग्णांवर चाचण्या झालेल्या अशा टप्प्याला पोहोचलेले सालीतील संयुग म्हणून त्याचे नाव घ्यावे लागते. सालीपासून या गोळीपर्यंतच्या वाटेला दीड शतक लागले. आणि घरी संत्र्याची साल उकळून तिचा परिणाम साधत नाही, कारण हेस्पेरिडिन पाण्यात अगदीच कमी विरघळते.

दुसरे उदाहरण कोकणाच्या अंगणातले आहे. कोकमाचे वैशिष्ट्य असे की येथे सालीलाच खरी किंमत असते. आमसूल म्हणजे सुकवलेली सालच. केरळात मीनकरीत पडणारी कुडमपुळी ही त्याच कुळातील दुसऱ्या झाडाची वाळवलेली फोड. या फळांचा आंबटपणा सायट्रिक किंवा टार्टारिक आम्लाचा असावा असा पूर्वी समज होता. म्हैसूरच्याच संस्थेतील वाय. एस. लुईस व एस. नीलकंठन यांनी १९६५ मध्ये कुडमपुळीच्या बाबतीत तो खोडून काढला आणि हे हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असल्याचे दाखवून दिले. कोकमातही तेच आम्ल असते. शरीरात साखरेपासून चरबी तयार होण्याच्या साखळीतील एका विकराला हे आम्ल रोखते, असे १९६९ मध्ये प्रयोगशाळेत दिसले आणि वजन घटविणाऱ्या गोळ्यांचा मोठा बाजार त्यावर उभा राहिला.

त्या बाजाराची कसोटी १९९८ मध्ये लागली. न्यूयॉर्क येथे १३५ स्थूल व्यक्तींवर १२ आठवडे चाचणी झाली. निम्म्यांना दररोज १,५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल, उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. वजन दोन्ही गटांचे थोडे उतरले; दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. या साऱ्या प्रवासात संयुगाची ओळख निर्विवाद होती आणि विकरावरील परिणामही खरा होता. गफलत झाली ती परीक्षानळीवरून थेट माणसाच्या कमरेवर उडी मारण्यात. आमटीतल्या दोन आमसुलांना यातले काहीही लागू नाही, हे सांगणे न लगे.

सालीबरोबर येणारे धोके

संरक्षणासाठी घडलेली रसायने सर्वच्या सर्व माणसाच्या हिताची असतील, असे मानण्याचे कारण नाही. बटाट्याच्या सालीत क्लोरोजेनिक आम्ल हे उपयुक्त समजले जाणारे फिनॉल असते आणि त्याच सालीत सोलॅनिन व चॅकोनिन ही विषारी द्रव्येही साठतात. प्रतिकिलो ताज्या बटाट्यात ती २०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे. उजेडात पडून हिरवे झालेल्या, कोंब फुटलेल्या बटाट्यात ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते आणि तळल्या-उकळल्याने ही विषे पुरती नाहीशी होत नाहीत. बंगालमध्ये बटाट्याच्या सालींची खमंग भाजी आवडीने होते. ती ताज्या, न हिरवटलेल्या बटाट्याचीच असावी.

ग्रेपफ्रूटमधील फ्युरानोकूमारिन नावाची द्रव्ये शरीरातील औषधे निकामी करणाऱ्या एका विकराला थोपवतात आणि काही औषधांची रक्तातील पातळी धोक्याच्या पलीकडे नेतात. कॅनडातील संशोधकांच्या १९८९ मधील रक्तदाबाच्या औषधावरील अभ्यासात हे योगायोगाने लक्षात आले. पपनसासारख्या भाऊबंदांतही अशी द्रव्ये असतात. नियमित औषधे घेणाऱ्यांनी लिंबूवर्गीय सालींचे अर्क डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत.

याशिवाय फवारणीचे अवशेष आहेतच. पृष्ठभागावरील अंश धुण्याने बराचसा जातो. वनस्पतीत आतवर मुरणाऱ्या कीटकनाशकांचा जात नाही. साल सुकवून पूड केली की पाणी उडते आणि उरलेले अवशेष वजनाच्या मानाने वाढतात. फळांना चकाकी आणण्यासाठी मधमाशीचे, कार्नोबा किंवा लाखेचे मेण वापरण्यास अन्न सुरक्षा नियमांत परवानगी आहे, तर कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास स्पष्ट मनाई आहे. बाजारातील सालींचे चूर्ण कोणत्या बागेतील कोणत्या फळांचे, हे ग्राहकाला कळण्याची सोय बहुधा नसते.

उद्योगाचा हिशेब

घरोघरीच्या ओल्या कचऱ्यातील साली मिश्र, ओल्या आणि आंबू लागलेल्या असतात. त्यांतून शुद्ध संयुगे काढणे परवडत नाही. त्यांचे खत होणे हाच त्यांचा योग्य शेवट आहे. हिशेब जमतो तो एकाच जातीची साल एकाच ठिकाणी टनावारी पडते तेथे : चित्तूर व कृष्णगिरीच्या आमरस कारखान्यांत, भावनगर जिल्ह्यातील महुव्याच्या कांदा सुकविण्याच्या उद्योगांत, नाशिकच्या द्राक्षप्रक्रिया केंद्रांत. साल पडल्यापासून काही तासांत वाळवली गेली नाही तर तिचे मोल झपाट्याने घटते आणि वाळवण्याचे इंधन हाच खर्चाचा मोठा भाग असतो. म्हणून जाणकार एकाच मौल्यवान रेणूमागे न धावता टप्प्याटप्प्याने सारे काही काढून घेण्याचा सल्ला देतात. संत्र्याच्या सालीतून प्रथम तेल काढतात. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनिन असते. मग हेस्पेरिडिन, मग मुरंबा-जेलीला लागणारे पेक्टिन आणि शेवटी उरलेला चोथा जैववायू संयंत्राकडे. तेल आधी काढण्याचा आणखी एक फायदा असा की लिमोनिन वायू तयार करणाऱ्या जिवाणूंना मारक ठरते.

स्वयंपाकघरात याहून सोपा व्यवहार चालत आलेला आहे. दोडक्याच्या शिरांची, दुधीच्या सालींची चटणी मराठी घरांना नवी नाही. त्या चटणीतून मिळणाऱ्या तंतूंचा लाभ निश्चित आहे आणि त्यासाठी कोणत्याही रेणूचे नाव घ्यावे लागत नाही.

सालींच्या अर्काची बाटली विकत घ्यावयाची असेल तर लेबलावर तीन गोष्टी पाहाव्यात : वनस्पतीचा कोणता भाग वापरला आहे, ज्या संयुगाच्या नावाने विक्री चालू आहे ते प्रत्येक मात्रेत किती मिलिग्रॅम आहे, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आहे की नाही. नुसते ‘सालीचा अर्क ५०० मिलिग्रॅम’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्यात ते संयुग किती आहे याचा काहीच बोध होत नाही. आरोग्यपूरक पदार्थांविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार अशा उत्पादनांवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ या अर्थाची सूचना ठळकपणे छापणे उत्पादकावर बंधनकारक आहे.